न बघता काढलेला फोटो

भवानी पेठेतल्या शिवपुत्र हविनाळ्यांना स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यातली चौतीस वर्षं फोटो काढण्यात गेली, तरी समोर माणूस बसलं की त्यांचे हात अजून वळवळायचे. कुणाची कॉलर सरळ कर, कुणाची टिकली मधोमध आण, कुणाची हनुवटी दोन बोटांनी वर उचल. लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारच्याला ते म्हणायचे, "जरा उजेडाकडं तोंड करून बसा की." त्यांची बायको दानम्मा सगळ्यांना सांगायची, "ह्यांचं डोळं म्हंजे माशा हायत. एका जागी म्हणून बसत न्हाईत."

मोबाइल आल्यापासून त्यांच्या स्टुडिओत कामापुरते लोक येत. शाळेचे फॉर्म, पासपोर्ट, एखादं बारसं. फेब्रुवारीतल्या एका दुपारी दारात कस्तुराबाई उभ्या राहिल्या. पेठेत त्यांना सगळे ओळखायचे, पण त्यांचा चेहरा कुणाला ठाऊक नव्हता. बावीस वर्षांपूर्वी टॉवेलच्या एका कारखान्यात रंगाच्या टाकीतलं उकळतं पाणी त्यांच्या तोंडावर उडालं होतं. तेव्हापासून पदर नाकावरून घट्ट ओढलेला. घरात बसून त्या ब्लाऊज शिवायच्या, आणि गिऱ्हाइकाचं माप घेतानाही पदर ढळू द्यायच्या नाहीत.

"फोटो काढायचाय," त्या उंबऱ्यावरूनच म्हणाल्या.

"या की, अक्का. फॉर्मला का?"

"भिंतीला."

शिवपुत्रांनी खुर्ची पुढे केली. कस्तुराबाई बसल्या आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत बोलू लागल्या. "गेल्या महिन्यात नणंद वारली. तिचा फोटो भिंतीला लावला, तवा सुनंनं माझा बी शोधून ठेवला. माझ्या लग्नातला. सतरा वर्साची पोरगी हाय त्यात. उद्या मी गेले की हार तिला घालतील. ती मी न्हाय की, अण्णा."

"मग आत्ताच काढू. जरा पदर..."

"तुमी बघायचं न्हाय."

शिवपुत्रांनी खिशातला मोबाइल काढून दाखवला. मग म्हणाले, "घरातच मोबाइलवर काढला तर?"

"सुनंनं शिकवलं ते. पर त्यात काढता काढता आपलं आपल्यालाच बघावं लागतंय. हात थरथरतोय. मला एकदाच बघायचंय, कागदावर."

"आणि मी कसा काढू?"

"डोळं बांधा," कस्तुराबाई म्हणाल्या. जणू ब्लाऊजची बाही अर्धा इंच कमी करते म्हणावं, इतक्या सहज.

शिवपुत्रांना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. हो म्हणावं तर चौतीस वर्षांचा हात वाया जाणार. नाही म्हणावं तर ही बाई दुसऱ्या कुठल्याच दारात जाणार नाही, हे दिसत होतं. त्यांनी मागच्या पडद्याचा काळा कापडी तुकडा काढला.

काम त्यांनी हुशारीनं मांडलं. कस्तुराबाई पदरासकट बसल्या असतानाच कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर पक्का केला, पदरावर फोकस धरला, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर कागद चिकटवला. मग डोळे बांधले आणि म्हणाले, "आता पदर काढा, अक्का. हलू नका."

पदराची सळसळ ऐकू आली. समोर एक उघडा चेहरा होता आणि त्यांना काहीच करता येत नव्हतं. हनुवटी कुठं आहे? केस डोळ्यांवर तर आले नाहीत ना? हात आपोआप पुढे गेला, तो त्यांनी मागे ओढला. घामानं कापड ओलं झालं. त्यांनी बारा फोटो काढले. डोळे बांधलेलेच ठेवून चाचपडत कॅमेऱ्यातलं कार्ड प्रिंटरमध्ये घातलं, नेहमीची सवयीची बटणं दाबली, आणि कागद बाहेर पडू लागले तसे कस्तुराबाईंनीच ते एकेक करून पिशवीत घातले. "येते," एवढं बोलून त्या गेल्या.

शिवपुत्रांनी कापड सोडलं, तेव्हा कार्ड प्रिंटरमध्येच राहून गेलेलं दिसलं.

पुढचे चार दिवस त्या नखाएवढ्या तुकड्यानं त्यांची झोप उडवली. फोटो काढला आणि बघितला नाही, असं आयुष्यात घडलं नव्हतं. चेहरा बघायचा नाही, नुसता फोकस बघायचा, असं ते स्वतःला सांगायचे आणि स्वतःचंच त्यांना पटायचं नाही. जेवताना घास हातात राहायचा. गिऱ्हाइकाचे फोटो उलटे कापले गेले. शेवटी कार्ड त्यांनी दानम्माकडे दिलं. तिनं ते मिसळणाच्या डब्यात हळदीच्या वाटीखाली ठेवलं आणि म्हणाली, "नोडब्याडरी. बघू नका. बाईमाणसाचा शब्द हाय."

चौथ्या दिवशी दानम्मा मंदिरात गेली आणि शिवपुत्रांनी डबा उघडला. कार्डावरची हळद पुसली, ते दुकानातल्या कॉम्प्युटरला लावलं. पडद्यावर बारा करडे चौकोन उभे राहिले. पहिल्यात रंग भरू लागला, निळ्या पातळाचा काठ दिसला, आणि शिवपुत्रांनी खाली वाकून सरळ भिंतीतलं बटणच बंद केलं. सगळं काळं झालं. ते जमिनीवर बसून राहिले, चोरी करताना सापडल्यासारखे.

त्याच संध्याकाळी कस्तुराबाई आल्या. पिशवीतून एकही फोटो बाहेर न काढता त्या म्हणाल्या, "सगळ्यांत मान खाली हाय. चारांत तर नुसतं कपाळ आलंय. परत काढायला पायजे."

शिवपुत्रांनी कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. "अक्का, हे तुमचं राहिलं होतं. मी आज कॉम्प्युटरला लावलं. बघितलं नाही. पण लावलं."

कस्तुराबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या. रस्त्यावरून एक टमटम गेली, तिचा आवाज विरेपर्यंत त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या. शिवपुत्रांना वाटलं, संपलं.

"किती दिसलं?" त्यांनी न वळताच विचारलं.

"पातळाचा काठ. निळा."

"खोटं बोलला असता तर मला कुटं कळणार होतं?" त्या म्हणाल्या. मग वळल्या. "शनवारी येते."

शनिवारपर्यंत शिवपुत्रांनी दानम्माचा जीव नकोसा केला. तिला खुर्चीत बसवायचं, स्वतःचे डोळे बांधायचे आणि तिच्याशी बोलत राहायचं. तिकाटणं त्यांनी सोडून दिलं होतं. माणूस हलतं, तिकाटणं हलत नाही, हे पहिल्या खेपेला कळलं होतं. आता कॅमेरा हातात आणि कान पुढे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, की मान खाली असली की आवाज छातीत अडकतो, आणि वर असली की सरळ अंगावर येतो.

"तुझी मान खाली आहे," ते म्हणाले.

"अगं बाई," दानम्मा म्हणाली, "खरंच की, मी तांदूळ निवडत हाय."

शनिवारी सकाळी कस्तुराबाई आल्या. शिवपुत्रांनी खिडकीचा पडदा सरकवला, डोळे बांधले आणि विचारलं, "अक्का, त्या कारखान्यात तुमी कुठल्या खात्यात होता?"

हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. लोक फक्त त्या भाजल्या त्या दिवसाचं विचारायचे. आधी त्या तुटक बोलल्या, छातीतल्या आवाजात. मग रंग कसा कालवायचे, हाताला गुलाबी रंग लागला की आठ दिवस भाकरीही गुलाबी कशी व्हायची, मुकादमाच्या पांढऱ्या धोतरावर एकदा कुणी मुद्दाम रंग कसा उडवला, ते सांगता सांगता त्यांचा आवाज वर आला. शिवपुत्र आवाजाच्या दिशेनं अर्धं पाऊल सरकले. "कुणी उडवला?" त्यांनी विचारलं.

"मीच की!" कस्तुराबाई म्हणाल्या आणि हसल्या. शिवपुत्रांनी बटण दाबलं. परत दाबलं. दाबतच राहिले.

फोटो छापून झाले. या वेळी कागदांची चाळवाचाळव बराच वेळ चालली. नाक ओढल्याचा एक आवाज आला. डोळे बांधलेले शिवपुत्र एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभे होते. काही तरी बोला, असं त्यांना ओरडावंसं वाटत होतं.

"पदर घेतलाय. सोडा डोळं," कस्तुराबाई म्हणाल्या. "आता हा एक बघा. माझ्याकडं न्हाय, ह्याच्याकडं बघा. आन खरं सांगा."

त्यांनी फोटो टेबलावर उताणा ठेवला. शिवपुत्रांनी तो उचलून खिडकीशी नेला. गालावरची कातडी मेणासारखी ओघळून थिजलेली, एक भुवई नाहीशी, आणि त्या सगळ्यातून एक बाई खोडकरपणे हसत होती. त्यांना पुष्कळ बोलावंसं वाटलं. पण कस्तुराबाईंनी खरं सांगायला सांगितलं होतं, आणि खरं म्हणावं असं ते एकाच गोष्टीतलं जाणत होते, फोटोतलं.

"उजेड डावीकडून जास्त पडलाय," ते म्हणाले. "कान धारदार आलाय, डोळा जरा पुसट. अर्धं पाऊल चुकलो मी."

कस्तुराबाई उठून खिडकीशी आल्या आणि शिवपुत्रांच्या हातातल्या फोटोकडे वाकून बघू लागल्या.

"हां," त्या अखेर म्हणाल्या, "मला बी तसंच वाटलं. डोळा पुसट हाय." त्यांनी फोटो परत घेतला, कडेनं फुंकर मारली. "हा ऱ्हाऊ द्या. पर आनखी एकदा काढू. पुढच्या येळी मी केस धुऊन येते. आन तुमी त्या खिडकीचं बघा कायतरी."

त्या गेल्या आणि शिवपुत्र लगेच खिडकीखाली स्टूल ओढून त्यावर चढले. उजेड मऊ करायला पातळ पांढरा कपडा कुठल्या बाजूनं लावावा हे त्यांना ठरवता येईना. दानम्मा चहा घेऊन आली तरी ते खाली उतरले नाहीत.