कांताताईंचे त्रेचाळीस सेंटिमीटर

कांता मेश्राम यांचं काम एका वाक्यात सांगता येतं: दुसऱ्यांनी लिहिलेले आकडे तपासायचे. व्हर्जिनियातल्या हर्नडनमध्ये समुद्राची पातळी मोजणारी यंत्रं बनवणारी एक छोटी कंपनी आहे. तिथे त्या अकरा वर्षं हेच करत होत्या. ऑफिसातली मराठी पोरं त्यांना कांताताई म्हणायची. मीटिंगला त्यांना क्वचितच बोलवायची.

त्यांचे वडील भंडाऱ्याला पाटबंधारे खात्यात होते. वैनगंगेच्या पुलाच्या खांबावर रंगवलेली मोजपट्टी वाचायची, आकडा वहीत लिहायचा, वर कळवायचा, एवढंच त्यांचं काम. शाळा सुटली की कांता त्यांच्याबरोबर काठावर. एका वर्षी डागडुजीनंतर रंगाऱ्याने पट्टी वीतभर वर रंगवून ठेवली. साहेब म्हणाले, वीतभराने काय होतंय? वडील म्हणाले, "साहेब, खालच्या वस्तीत पाणी शिरल्यावर आपली पट्टी सांगंल की अजून वीतभर बाकी आहे." त्यांनी डागडुजीच्या कागदावर सही केली नाही. पट्टी खरवडून पुन्हा रंगवायला लावली तेव्हाच वही उघडली.

पुढे कांताताईंनी नागपूरला सिव्हिलचा डिप्लोमा केला, लग्न झालं आणि नवऱ्याच्या, संजयच्या नोकरीमुळे त्या अमेरिकेत आल्या. त्यांच्या व्हिसावर काम करायला बंदी होती. नऊ वर्षं घरी गेली. परमिट हातात आलं तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या, आणि ही आकडे तपासायची नोकरी त्यांच्या आयुष्यातली पहिली नोकरी.

मागच्या वसंतात ओनालू नावाच्या बेटांच्या देशाचे राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनच्या अधिकृत भेटीवर येणार होते. पॅसिफिकचा एक काठ अमेरिकेचा आणि त्याच महासागराच्या मधोमध ओनालूची चौदा बेटं. भेटीत दोन्ही देश एक करार करणार होते. अमेरिका बेटांवर पाणी मोजायची यंत्रं बसवणार, अंदाज पुरवणार. ओनालू आपल्या समुद्राची सगळी मोजणी अमेरिकेला देणार, म्हणजे मोठ्या लाटेची खबर दोघांनाही आधी लागेल. यंत्रं कांताताईंच्या कंपनीची. सही गुरुवारी होती.

सोमवारी सकाळी त्यांचा मॅनेजर राजेश कराराचं परिशिष्ट घेऊन आला. राजेश पुण्याचा, त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मनाने चांगला, कायम घाईत.

"कांताताई, फक्त स्पेलिंग आणि टेबल्स चेक करा. टेक्स्ट फायनल आहे, लॉक झालंय."

परिशिष्टात लिहिलं होतं, पाणी दोन मीटर दहा सेंटिमीटरला पोचलं की बेटावरचा भोंगा वाजेल. कांताताई त्या आकड्यावर थांबल्या. दोन मीटर दहा कुठून मोजायचे? ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी चाचणीसाठी बसवलेल्या यंत्राची तीन महिन्यांची मोजणी काढली. ओनालूच्या बंदरावर माणसं हाताने रजिस्टर लिहितात, त्याची स्कॅन केलेली पानं काढली. तोच दिवस, तीच वेळ, तेच पाणी. रजिस्टरचा आकडा दर वेळी त्रेचाळीस सेंटिमीटरने जास्त. एकदा नाही, दोनदा नाही, एकशे ऐंशी वेळा.

जेवायच्या सुट्टीतच त्या राजेशकडे गेल्या.

"त्यांचं शून्य आणि आपलं शून्य वेगळं आहे. ते बंदरातल्या जुन्या पितळी खुणेपासून मोजतात. आपलं यंत्र रोजच्या ओहोटीच्या सरासरीपासून, म्हणजे त्रेचाळीस सेंटिमीटर वरून मोजतं. दोन मीटर दहा हा त्यांच्या पट्टीवरचा आकडा आहे राजेश. त्या उंचीला त्यांच्या धक्क्यावरून पाणी आत येतं. आपलं यंत्र तेव्हा दाखवेल एक सदुसष्ट. भोंगा वाजणारच नाही."

"मग वाजेल कधी?"

"धक्क्यावर गुडघाभर पाणी चढल्यावर."

राजेशने खुर्ची मागे सरकवली. "यार, दोन गव्हर्न्मेंट्सनी अप्रूव्ह केलंय हे. आपण व्हेंडर आहोत. आता कुणाला सांगणार? आणि तुमचं चुकलं तर?"

"चुकलं तर माझं नाव सांग. पण माझ्या सहीने हे जाणार नाही."

राजेश बराच वेळ ती पानं चाळत बसला. मग म्हणाला, "उद्या टेक्निकल कॉल आहे. दहा मिनिटं मागतो."

मंगळवारच्या कॉलवर बावीस माणसं होती. अमेरिकेच्या बाजूचा एक अधिकारी नम्रपणे म्हणाला, आकडे दोन्ही शिष्टमंडळांना मान्य आहेत. कांताताईंनी सावकाश इंग्रजीत एकच विचारलं, "तुमच्यापैकी कुणी मला सांगाल का, शून्य कुठे आहे?"

दोन-तीन जण कागद चाळू लागले. मग एका बाईचा आवाज आला. ती लोसा, ओनालूची मुख्य सर्वेक्षक, शिष्टमंडळाबरोबर वॉशिंग्टनला आलेली. ती म्हणाली, "ती पितळी खूण मी दर वर्षी स्वतः घासून साफ करते. तुम्ही उद्या इथे या. कागद घेऊन या."

बुधवारी कांताताई आणि राजेश मेट्रोने वॉशिंग्टनला गेले. लांबलचक टेबलाच्या एका बाजूला अमेरिकन, दुसऱ्या बाजूला ओनालूची माणसं. कांताताईंनी एकशे ऐंशी ओळींचा तक्ता मधोमध ठेवला. लोसाने बोट ठेवून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्यावर तिने आपल्या राजदूतांकडे पाहून मान हलवली. चूक खरी होती.

पण खरी अडचण आता सुरू झाली. अमेरिकन बाजू म्हणाली, सोपं आहे, ओनालूने आमचं शून्य घ्यावं. राजदूतांच्या कपाळाला आठी पडली. "आमचे मच्छीमार बंदरातले आकडे पाठ म्हणतात. आमचे सगळे नकाशे त्या खुणेवर आहेत. आमच्या घरात किती पाणी आलं, हे आम्ही तुमच्या पट्टीने मोजायचं?" समोरून उत्तर आलं, की पॅसिफिकभरची आमची यंत्रणा एका शून्यावर चालते, ती एका देशासाठी बदलणार नाही. अर्ध्या तासात आवाज चढले. कुणीतरी सही पुढे ढकलायची भाषा काढली.

कांताताई भिंतीलगतच्या खुर्चीत होत्या. त्या उठल्या. कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"कुणाचंच शून्य बदलायचं कारण नाही," त्या म्हणाल्या. "भोंगा पितळी खुणेच्या आकड्याला जोडा. बेटावरच्या पडद्यावर बेटाचा आकडा दिसू दे. तोच आकडा त्रेचाळीस वजा होऊन इकडे येईल, आमच्या शून्यावर. वजाबाकी यंत्र करेल. करारात फक्त एवढं लिहा, की प्रत्येक बेटावर दोन्ही शून्यांमधलं अंतर दोन्ही देशांचे सर्वेक्षक मिळून मोजतील आणि मिळून सही करतील."

अमेरिकन अधिकाऱ्याने राजेशकडे पाहिलं. "हे होऊ शकतं?"

राजेश म्हणाला, "सर, संध्याकाळपर्यंत करून दाखवतो." आणि त्याने दाखवलं. चार वाजता टेबलावरच्या लॅपटॉपवर तेच पाणी दोन आकड्यांत शेजारी शेजारी चालत होतं. लोसाने राजदूतांना खुर्चीसकट पडद्याजवळ ओढलं. दोन्हीकडच्या वकिलांनी मिळून वाक्य लिहिलं. कांताताईंनी ते तपासलं, एक स्वल्पविराम हलवला आणि सही केली.

गुरुवारी सही झाली तेव्हा कांताताई दालनात मागच्या रांगेत होत्या, निळी पैठणी नेसून. लेक उपासना कॉलेज बुडवून आली होती आणि रडत होती. "Aai, stop fixing your pallu, they're looking at you!" खरंच पाहत होते. समारंभ संपल्यावर ओनालूचे राष्ट्राध्यक्ष लोसाबरोबर रांगा ओलांडून सरळ त्यांच्याकडे आले, दोन्ही हातांत त्यांचा हात धरला आणि विचारलं, "ज्या बाईंनी आमचं शून्य आमच्याकडे ठेवलं, त्या तुम्हीच ना?"

कांताताईंना इंग्रजीत काही सुचेना. त्या म्हणाल्या, "हो, मीच." मराठीतच. त्यांना कळलं.

नोव्हेंबरात दूरच्या वादळाने उठलेल्या लाटा ओनालूवर आल्या. आभाळ निरभ्र होतं, भरदुपारची वेळ, बाजार भरलेला. बेटावरच्या पडद्यावर दोन मीटर दहा दिसले आणि पाण्याने धक्क्याची कड गाठली, त्याच क्षणी चौदाही बेटांवर भोंगे वाजले. माणसं टेकडीवरच्या शाळांकडे निघाली. तासाभराने सर्वांत मोठ्या लाटा आल्या. बाजार वाहून गेला, होड्या गेल्या, नऊ घरं गेली. माणूस एकही गेला नाही.

हर्नडनमध्ये सकाळी कांताताईंनी कॉम्प्युटर लावला तर लोसाचा व्हिडिओ आलेला. शाळेच्या मैदानात शेकडो माणसं, मांडीवर कोंबड्या घेतलेल्या म्हाताऱ्या, आणि लोसा भिजलेल्या केसांनी ओरडत होती, "सगळे आहेत! कांता, मोजले आम्ही, सगळे आहेत!"

कांताताई उभ्या राहिल्या. अकरा वर्षांत त्या ऑफिसात कुणी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "राजेश!" त्यांनी अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी हाक मारली. "सगळ्यांना घेऊन ये इकडे! सगळे वाचले!"

माणसं खुर्च्या सोडून धावत आली. राजेशने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी, आणि कांताताईंनी व्हिडिओचा आवाज पूर्ण वाढवून तो पुन्हा पहिल्यापासून लावला.