पणजोबांच्या दंडावरची पट्टी

आमच्या मुकुंदवाडीच्या घरात पणजोबांचा एकच फोटो आहे. अंगात लष्करी गणवेश, पण हातात बंदूक नाही. त्यावरून गावाकडची, बिडकीनची भावकी वडिलांना लहानपणापासून चिडवायची, "तुझा आजा कसला शिपाई? पलटणीत भांडी घासायला होता." खरं काय ते वडिलांनाही माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी मी तो फोटो फ्रेममधून काढला आणि गल्लीतल्या एका निवृत्त सुभेदारांना दाखवला. त्यांनी भिंग धरून बराच वेळ पणजोबांच्या डाव्या दंडाकडं पाहिलं. तिथला काळसर डाग ओल लागून पडला असेल, असं आम्ही समजत होतो.

"हा डाग नाही. दंडाला पट्टी बांधलीय, तिच्यावर क्रॉस आहे, लष्कराच्या वैद्यकीय पथकाची खूण," ते म्हणाले. "तुमचे पणजोबा जखमी जवानांना स्ट्रेचरवर घालून मागं आणायचे. समोरून गोळीबार चालू असताना, तेही बिनबंदुकीचे." मग त्यांनी खुर्चीवरून उठून फोटोला सलाम केला.

घरी येऊन मी वडिलांना सगळं सांगितलं. ऐंशीच्या घरातले वडील म्हणाले, "लई मोठ्या काळजाचा होता म्हणायचा माझा आजा!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, फोटो टॉवेलात गुंडाळला आणि बिडकीनला निघाले. मी सोबत येतो म्हटलं, तर म्हणाले, "नको. हे मलाच सांगू दे."