परतीचं पाकीट

साठ-बासष्टच्या सुमारास मी बालाघाटच्या पोस्टात खिडकीवर बसायचो. दर सोमवारी त्या यायच्या. ‘हिजडा आला’ म्हणत लोक बाजूला सरकायचे, तरी त्या रांगेच्या शेवटीच उभ्या राहायच्या. नंबर आला की हिरव्या लुगड्याचा पदर सावरून पाकीट पुढे करायच्या. त्यात नागपूरच्या एका मासिकासाठी कथा असायची. कधी सोबत त्यांच्या मंडळींचे रेशनकार्डाचे अर्ज, त्याच वळणदार अक्षरात, कलेक्टर कचेरीसाठी.

बुकपोस्टाचं पाकीट चिकटवत नाहीत, म्हणून मी कथा चोरून वाचायचो. प्रत्येक कथेत कुणीतरी लांजीच्या बसची वाट बघत असायचं. नापसंत कथा परत यावी म्हणून लेखक तिकीट लावलेलं पाकीट आत जोडतात. त्या कधीच जोडत नसत. इतकं लिहिलेलं वाया जाईल म्हणून एकदा मीच, न सांगता, पोस्टाच्या पत्त्याचं पाकीट आत सरकवलं.

महिन्याभरात कथा परत आली. मी मोठ्या हौसेनं ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

“लांजीहून निघाली तवा माय म्हणे, आता वापस येऊ नको,” त्या म्हणाल्या. “माह्या कथा तरी कोनी ठेवून घेतल्या असतीन, असं समजून राह्यलती मी. बाबू, तुमी हिले काहून वापस बोलावलं?”

त्या पुन्हा आल्या नाहीत.

ते मासिक मी अजून घेतो. कथा कुणाचीही असो, आधी लांजीची बस शोधतो.