धुक्याआडचं घर

रविवारी सकाळी साडेदहाला आमच्या जेवणाच्या टेबलावरची फळांची परडी ओट्यावर जाते आणि तिच्या जागी दोन लॅपटॉप येतात. एक माझा, एक नवऱ्याचा. आम्ही शेजारी शेजारी बसतो, पण एकमेकांच्या पडद्यात डोकावायचं नाही असा नियम आहे. तिसरा गडी पडद्यातच असतो, माझा मोठा भाऊ. तो मेलबर्नला राहतो. तिथे तेव्हा दुपार कलायला आलेली असते, आणि त्याच्या भिंतीवरचं पिवळं ऊन बघून मला दर वेळी वाटतं, आपण आजचाच दिवस थोडा पुढे जाऊन बघतोय.

खेळ सांगायला सोपा आहे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि कुठे अडलं की फासे टाकतात. सांगणारी मी. दादा एक दमलेला सैनिक आहे. नवरा चोर आहे, पण त्याला चोरीपेक्षा खाण्यात रस. एरवी लोक हे एका टेबलाभोवती बसून कागद-पेन्सिलीवर खेळतात. आमचं टेबल दोन देशांत पसरलेलं, म्हणून आम्ही एक साइट वापरतो. तिथे नकाशा चढवता येतो, त्यावर माणसांच्या गोल सोंगट्या सरकवता येतात, फासेसुद्धा खडखड वाजत लोळतात. आणि तिथे धुकं असतं. सगळा नकाशा धुक्याने झाकलेला. सोंगटी जिथे जाईल तेवढाच भाग उघडतो. धुक्याच्या आत काय आहे ते फक्त सांगणाऱ्याला दिसतं.

आई सोफ्यावर मटार सोलत ऐकत असते. गुडघ्यांमुळे ती फार उठत नाही. खेळ संपला की तिचा एकच प्रश्न, “मग, कौन जीता?”

“आई, यात कोणी जिंकत नाही.”

“तो फिर तीन घंटे काय करत होता तुम्ही?”

मी फळांची परडी परत टेबलावर ठेवते.

मी काढलेलं शहर आमच्या इंदूरसारखं आहे आणि नाहीही. परदेशीपुऱ्याकडे बंद गिरण्यांची धुराडी दिसतात, तशी तिथेही आहेत, पण त्यांच्यातून पहाटे पांढरी कबुतरं बाहेर पडतात आणि दुपारपर्यंत छपरांवर विरघळून जातात. नदी सकाळी देवळाकडे वाहते, संध्याकाळी माघारी येते. देवळाबाहेर हारवाल्यांच्या रांगा आहेत. त्यांच्याकडे हार घेतला तर त्याच्या वासाने तुम्हाला तुमचं एखादं विसरलेलं काम आठवतं. नवऱ्याने तिथे हार घेतला आणि त्याला खरोखरच गॅसचा नंबर लावायचं आठवलं. शाळेतले पेपर तपासायचे बाजूला ठेवून मी हे शहर काढत बसते. एखादी गल्ली काढायला घेतली की भाजी करपल्याचा वाससुद्धा त्या गल्लीतूनच येतोय असं वाटतं.

नकाशाचं वेड बाबांकडून आलं. ते सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. चुकलेले, शाई सांडलेले कागद घरी आणायचे, आणि आम्ही भावंडं ते फरशीवर पसरून त्यांच्यावर चिंचोके फिरवायचो. तेव्हा सांगणारा दादा असे. “इथे दलदल आहे, अगं, पाय काढ,” तो ओरडायचा, आणि मी खरंच पाय उचलून पलंगावर चढायची.

मागच्या वर्षी बाबा गेले. दवाखान्यात नऊ दिवस मीच होते. आई संध्याकाळी तासभर येऊन बसायची. दादाला तिकीट मिळेना, मग मिळालं ते चार दिवसांनंतरचं, आणि बाबा त्याच्या आदल्या दिवशी गेले. मी स्वभावाने तापट आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. फोनवर दादा रडत होता आणि मला त्याच्या रडण्याचाच राग आला. मी म्हटलं, “ते शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. तुझीच वाट बघत होते.”

हे खोटं होतं. बोलताना मला माहीत होतं की खोटं आहे. दादा आला, तेरावा होईपर्यंत राहिला, सगळं मान खाली घालून केलं आणि परत गेला. नंतर बाबांचा विषय त्याने एकदाही काढला नाही आणि मीही काढू दिला नाही. दोन महिन्यांनी त्याचा मेसेज आला, “रविवारी खेळ आहे का?” तेवढाच एक धागा उरला होता. तोही तुटेल या भीतीने मी बाकी काही बोलले नाही. खरं सांगितलं तर तो मला माफ करणार नाही, आणि नाही सांगितलं तर तो स्वतःला माफ करणार नाही, यात माझं वर्ष गेलं.

त्याच दिवसांत मी नकाशाच्या डाव्या टोकाला एक घर काढलं. खेळाशी त्याचा काही संबंध नव्हता. खेळाडू तिकडे कधी जाणारच नाहीत अशा बेताने, पूर्ण धुक्यात. आत एक उतरतं टेबल, खिडकीपाशी शाईची दौत, आणि खुर्चीवर एक म्हातारा. त्याची सोंगटी मी बाबांच्या एका फोटोवरून केली, चष्मा कपाळावर चढवलेला. शाळेतून आले की मी चहा घेऊन तिथे जायची. काही करायची नाही. नुसता तो भाग मोठा करून बघत बसायची. पडद्यात दिवेलागण होत असे, कारण त्या घरावर मी कायमची संध्याकाळ लावली होती.

एका बुधवारी गेले तर बाबांच्या शेजारी दादाचा सैनिक उभा.

मला वाटलं, माझाच हात लागून सोंगटी सरकली असेल. उचलून गिरणीच्या चौकात, मागचा खेळ थांबला होता तिथे, नेऊन ठेवली. शुक्रवारी बघते तर पुन्हा तिथेच, या वेळी खुर्चीच्या अगदी जवळ. साइट प्रत्येक हालचालीची नोंद ठेवते. ती उघडली. तीन आठवडे, जवळजवळ रोज, दादा एकटाच साइटवर येत होता. चौकातून निघायचा, नदीच्या कडेने चालत घरापर्यंत जायचा, अर्धा-पाऊण तास थांबायचा आणि परत येऊन सैनिकाला चौकात होता तसा ठेवायचा. त्या आठवड्यात तेवढा परतायचा राहिला होता.

चूक माझीच. धुकं नीट बसलंय का हे तपासायला सांगणाऱ्याला एखाद्या खेळाडूच्या नजरेने नकाशा बघावा लागतो. धुक्यासकट आणि धुक्याविना ताडून बघायला मी दादाच्या सोंगटीवर ‘सगळं दिसू दे’ अशी खूण केली होती आणि नंतर काढायला विसरले. नवऱ्याला धुकं दिसत होतं, दादाला अख्खं शहर उघडं होतं. तीन रविवार तो खोटं खोटं विचारत होता, “पुढे काय आहे?”

खूण काढणं एका क्लिकचं काम होतं. मी काढली नाही. सैनिकालाही हलवलं नाही.

रविवारी बसलो. गोष्टीप्रमाणे दोघांनी धुराड्याच्या आतल्या जिन्याने वर जायचं होतं. नवरा तयारच होता. “दादा, तुम्ही आगे रहो, मी पीछे. वर काही खायला असेल तर आवाज द्या.”

दादा म्हणाला, “मी डावीकडे जातो.”

“अरे दादा, उधर काय नाहीये. पूरा धुकं आहे.”

“मला दिसतंय,” दादा म्हणाला.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे, तो म्हणाला, “भिया, अपना चोर चाललाय पाणी प्यायला,” आणि खरंच उठून आत गेला. आईचे मटार सोलणारे हात थांबले होते.

दादाने खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे तोंड केलं. खेळात असं काही विचारलं की सांगणाऱ्याने त्या माणसाच्या आवाजात उत्तर द्यायचं असतं. बाबांचा आवाज मला काढता येतो, घसा थोडा खाकरून. दादा हळूच म्हणाला, “खूप वाट बघत होतात का?”

आमच्या खेळात सांगणाऱ्याला काहीही लपवायची मुभा आहे, पण खोटं सांगायची नाही. त्याने सांगितलं ते त्या जगात घडतंच. मी घसा खाकरला आणि बाबांचा आवाज आलाच नाही.

“दादा, ते वाट बघत नव्हते,” मी माझ्याच आवाजात म्हटलं. “शेवटचे दोन दिवस त्यांना शुद्ध नव्हती. त्याच्या आधी तुझं तिकीट मिळत नाहीये म्हणून मी चिडचिड करत होते, तर मलाच रागावले. म्हणाले, त्याला उगाच धावायला लावू नकोस, तो आला की मला बरं वाटणार आहे का? सावकाश येऊ दे. हे मी तुला सांगितलं नाही. मी तुला खोटं सांगितलं. मला राग आला होता की सगळं मी एकटीने केलं.”

पडद्यावर दादाचा हात पुढे आला. त्याने माइक बंद केला. आता तो लॅपटॉप मिटणार आणि पुढचा रविवार नसणार, असं मला स्पष्ट दिसलं. त्याचे ओठ हलत होते, पण तो माझ्याशी बोलत नव्हता. मग त्याने दोन्ही तळव्यांनी चेहरा पुसला, बराच वेळ पुसत राहिला. भिंतीवरचं ऊन छतापर्यंत चढलं होतं.

माइक सुरू झाल्याचा बारीक आवाज आला.

“एक वर्ष, अगं,” तो म्हणाला. “पूर्ण एक वर्ष.”

“हो.”

मला वाटलं आता तो ओरडेल. ओरडायला हवा होता. तो खुर्ची पुढे ओढून कॅमेऱ्याच्या इतका जवळ आला की त्याचं नुसतं कपाळ आणि डोळे दिसायला लागले.

“अजून काय म्हणाले?” त्याने विचारलं.

मी सांगायला लागले. दवाखान्याच्या पातळ चहाला त्यांनी काय नाव ठेवलं ते, शेजारच्या पलंगावरच्या पेशंटशी घोरण्यावरून झालेली कुरबुर, खिडकीतून दिसणाऱ्या नव्या पुलाचं वळण चुकलंय म्हणून नर्सला कागदावर काढून दाखवलं ते. दादा मध्येच हसला, मध्येच त्याला बोलवेना, आणि मी थांबले की लगेच म्हणायचा, “अजून?” नऊ दिवसांचं सगळं त्याला ऐकायचं होतं. ते सांगू शकणारी जगात मी एकटीच होते.