नऊ नंबरच्या खाटेवरची चादर

रंभाबाई आसगावच्या उपकेंद्रात एकतीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर माणसं भजनात रमतात नाहीतर नातवंडांत. या बाई लोकांच्या पाठी तपासण्यात रमल्या. आमच्या भागात एका संस्थेचा वृद्धाश्रम आहे. तिथल्या म्हाताऱ्यांची नीट देखभाल होते की नाही, हे पाहायला दर तीन महिन्यांनी दोघांची समिती जायची. एक रंभाबाई आणि दुसरा मी, लाखांदूरचा निवृत्त मास्तर. बाई पाहायच्या, मी लिहायचो. माझं अक्षर चांगलं आहे, एवढीच माझी पात्रता.

छापील फॉर्मवर बावीस प्रश्न होते. बाईंनी ते कधी वाचले नाहीत. "कागद तुमी सांभाळा मास्तर, माणसं मी पाहून घेते," म्हणायच्या. आम्ही न कळवता एसटीनं जायचो, कधी सकाळी आठला, कधी बरोबर जेवणाच्या वेळी. व्यवस्थापक गुलाबराव हातातला चहा तसाच ठेवून धावत यायचे. बाई आधी दारातच थांबून वास घ्यायच्या. फिनाईलचा भपकारा आला की विचारायच्या, "गुलाबभाऊ, आज काय लपवून राहिले?"

मग एकेक खाट. नखं, टाचा, पाण्याचा पेला म्हाताऱ्याच्या हाताला पोचतो की नाही, आणि शेवटी प्रत्येकाला कुशीवर वळवून पाठ. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही, तर कमरेखाली जखम होते आणि चादरीआड वाढत जाते, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "पांढरी चादर पाहून भुलू नोका मास्तर. चादर उचला." एकदा एका निवृत्त तहसीलदारांनी फार आढेवेढे घेतले. बाई म्हणाल्या, "साहेब, तुमच्यासारखे पाचशे धुतले मी," आणि वळवलंच त्यांना.

एवढ्या धीट बाई नऊ नंबरच्या खाटेपाशी मात्र नव्या नवरीसारख्या व्हायच्या. तिथे खुशालभाऊ होते, त्यांचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे भावसून भासऱ्यापुढे डोक्यावर पदर घेते, त्याच्याशी थेट बोलत नाही आणि चुकूनही त्याला शिवत नाही. चाळीस वर्षं एका घरात, एका चुलीवरचं खाऊन दोघांनी हे पाळलं. आधी बाईंचे यजमान गेले. मग खुशालभाऊंना लकवा मारला. त्यांना ना बायको, ना लेकरू. बाई माझ्याकडे येऊन रडल्या होत्या. "अख्ख्या गावाचं केलं मी, मास्तर. पण भासऱ्याले आंघोळ कशी घालू?"

"आश्रमात ठेवा," मी म्हणालो. "तपासायला आपणच तर जातो."

हा सल्ला माझा होता, हे इथे लिहून ठेवतो.

त्यानंतर तीनदा आम्ही गेलो. तिन्ही वेळा बाई नऊ नंबरपासून चार हात लांब थांबल्या, पदर सारखा केला आणि जमिनीकडे पाहत म्हणाल्या, "मास्तर, विचारा त्यायले, बरं आहे का?" खुशालभाऊ भिंतीकडे तोंड करून, गळ्यापर्यंत चादर ओढून कुशीवर पडलेले असायचे. मी विचारायचो. ते भिंतीलाच सांगायचे, "बरं हाय." मी फॉर्मवर लिहायचो, समाधानकारक. परतीच्या एसटीत बाईंना त्यांचं कौतुक वाटायचं. "पाहलं न मास्तर? मी आली की अजूनही तोंड फिरवते. जुना माणूस, मर्यादा सोडली नाही त्यानं." मीही मान डोलवायचो. मला ते खरंच छान वाटायचं, याची आज लाज वाटते.

चौथ्या वेळी, मार्चमध्ये, बाई दारातच थबकल्या. त्या दिवशी फिनाईलचा वास नव्हता, दुसराच होता. नऊ नंबरच्या चादरीवर माशा बसत होत्या. भावना नावाची एक मुलगी आठवड्याभरापूर्वीच तिथे कामाला लागली होती. ती सहज बोलून गेली, "हे आजोबा ना काकू, सरळ झोपतच नाहीत. पाठ टेकली की कण्हतात. रात्रंदिवस भिंतीकडेच."

बाईंचा चेहरा मी पाहत होतो. त्यांना काय कळलं, ते मलाही त्याच क्षणी कळलं. मर्यादा नव्हती ती. माणसाला पाठ टेकवत नव्हती.

त्यांनी पदर कमरेला खोचला, चार हातांचं अंतर ओलांडलं आणि चादर उचलली. कमरेखाली तळहाताएवढी जखम होती, आत खोल गेलेली. मी तोंड फिरवलं. बाईंनी फिरवलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या भासऱ्याशी बोलल्या, "सांगतलं काहून नाही जी?"

खुशालभाऊ बोलले ते माझ्याशीच. "मास्तर, तपासनीस तर भावसूनच होती. तिच्यासमोर धोतर कसं सोडू?"

गुलाबरावांना बाई काय काय बोलल्या ते छापण्यासारखं नाही. माणसं कमी आहेत, कूस बदलायला कोणी नसतं, हे त्यांनी हात जोडून कबूल केलं. ऐकताना माझी मान वर होत नव्हती. आमचे तीन फॉर्म त्यांच्याच कपाटात होते, माझ्या सुरेख अक्षरातले.

आधी दवाखान्यात दाखवून बाईंनी खुशालभाऊंना घरी आसगावला नेलं. दिवसातून दोनदा जखम धुवायच्या, दर दोन तासांनी कूस बदलायच्या. ते डोळे घट्ट मिटून घ्यायचे, पण नको म्हणाले नाहीत. मी दर रविवारी जायचो. बाई एकदा हात धुता धुता म्हणाल्या, "पहिल्या खेपेले चादर उचलली असती तर मलमानं भागलं असतं." जखमेचं विष अंगभर गेलं होतं. दीड महिन्यानं खुशालभाऊ गेले.

तेरवीला मी गेलो. पंगत उठल्यावर बाईंजवळ बसलो आणि धीर द्यायचा म्हणून बोललो, "मनाला लावून घेऊ नका, बाई. रीतच तशी आहे आपल्याकडे. तुमचा काय दोष?"

बाई माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही.

"माहं राहू द्या. मी भावसून होती," त्या म्हणाल्या. "तुमी त्यायचे कोण लागत होते, मास्तर?"

मी कोणीच लागत नव्हतो. तिन्ही वेळा मी खाटेला अगदी खेटून उभा होतो, आणि माझ्या हातात पेन होतं.