भिंतीची चांगली बाजू

वत्सला गेली हे मला कुणी येऊन सांगितलं नाही. भिंतीतून कळलं. दुपारी मी गहू निवडत होते आणि पलीकडे तिचा मुलगा रामदास ओरडला, "माय! ओ माय!" मी लगेच उठले नाही. उठले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. मी बाहेरच बायांमध्ये बसले.

वत्सला माझी धाकटी जाऊ. धाड गावातल्या या घरात आम्ही दोघींनी तीस वर्षं एका चुलीवर रांधलं. दोघींचे नवरे गेले, पोरं मोठी झाली आणि एक दिवस पापडांवरून भांडण झालं. पापड निमित्ताला, साठलेलं बरंच होतं. मोठ्या खोलीच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं. विटांची भिंत जागा खाते, म्हणून लाकडाची. सुताराने उभ्या-आडव्या पट्ट्यांचा सांगाडा उभा केला, ओळंबा सोडून पाहिला आणि विचारलं, "प्लाय एकाच अंगानं लावायची आहे. चांगली बाजू कोनाकडे?"

आमच्याकडे वाटणीची रीत आहे. मोठ्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे पाडणाऱ्याचा हात सरळ राहतो. मी वाटा पाडला आणि उचललाही मीच. म्हणाले, "माझ्याकडे. मी मोठी आहो ना."

वत्सला हसली. "घ्या बाई. तुमच्या धाकानं तरी भिंत सरळ राहील."

सुतारही हसला. मला झोंबलं. त्या दिवसापासून सात वर्षं मी तिच्याशी बोलले नाही.

ती बोलायची. सकाळी चहा ठेवला की पट्टीवर टकटक करायची, "बाई, घेता का घोटभर?" मी इकडे भांडी आदळायची. पुढे तिनेही सोडलं. शेवटचे आठ दिवस तिचा खोकला ऐकत होते. एका दुपारी तिने विचारलं, "बाई, जाग्या आहा का?" मी गप्प पडून राहिले. वाटलं, बरी झाली की बोलू... खोटं आहे. वाटलं, तिने यावं.

तेराव्याला मी पहिल्यांदा तिच्या खोलीत गेले. उघड्या पट्ट्यांवर डबे, कंगवा, औषधाच्या बाटल्या. आणि प्लायमधून आलेली खिळ्यांची टोकं. कॅलेंडर, फोटो, पिशव्या टांगायला मी इकडून ठोकत गेले होते. खिळा पलीकडे निघतो हे मला ठोकतानाच कळायचं. त्या टोकांवर जुन्या चपलेच्या रबराचे तुकडे खोचलेले होते.

"माह्या लेकराले लागू नाही म्हनून मायनं लावले," रामदास म्हणाला.

"मले काऊन नाही सांगितलं?"

"मोठीमाय, तुम्ही बोलत होत्या का?"

एकच टोक उघडं होतं. तो खिळा मी तिच्या दुखण्यात ठोकला होता. तेव्हा तिला उठवत नव्हतं.