दप्तर वर्गातच होतं

गाणगापूरच्या आमच्या शाळेत दर गुरुवारी एक समुपदेशक बाई येत. मी मुख्याध्यापक, पण त्यांचं नाव कधी विचारलं नाही. खुर्ची सोडून त्या मुलांशेजारी सतरंजीवर बसत आणि बोलण्याआधी त्यांच्या पेन्सिलींना टोक करून देत.

तिसरीतली एक मुलगी यात्रेकरूंच्या बसचा हॉर्न ऐकला की फाटकाकडे धावायची. शेवटी मी तिचा शाळा सोडल्याचा दाखला लिहायला घेतला.

"अक्का, ही पोरगी रोज पळायलीय. किती दिवस सांभाळायचं?"

"सर, पळणारं लेकरू दप्तर घेऊन जातंय. हिचं वर्गातच हाय. विचारलं मी तिला. आई असल्याच गाडीत बसून गेली, म्हणून बघायलीय."

बाईंनी तिला खिडकीशी बसवलं. पुढच्या महिन्यात हॉर्न वाजला. मुलीनं मान वर करून बस पाहिली आणि पुन्हा पाढा लिहू लागली. बाई पेन्सिलीला टोक करता करता हसल्या.

माझ्या निरोप समारंभात कुणीतरी म्हणालं, "त्या पोरीची शाळा सरांनी वाचवली." मी हात जोडून ते ऐकून घेतलं. ते खोटं होतं. दप्तर बाईंनी पाहिलं. मी दाखला लिहीत होतो.